दुपारनंतर वारा

आमच्या ऑफिसात 'नक्की' हा शब्द उच्चारायला बंदी आहे. कुणाच्या तोंडून चुकून निघालाच, तर त्यानं उठायचं आणि सगळ्यांसाठी चहा करायचा. साहेब एकदा फोनवर बायकोला म्हणाले, "येतो गं, सातपर्यंत नक्की येतो," आणि फोन ठेवून मुकाट्यानं गॅसकडे गेले. बंदी घातली होती तीही त्यांनीच. हवामानाचा अंदाज सांगणाऱ्याच्या जिभेला तो शब्द एकदा चिकटला की त्या माणसाचा काही उपयोग नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी ते सातला घरी पोचले नाहीत, हेही सांगून टाकतो.

ऑफिस म्हणजे बंदराच्या इमारतीचा सगळ्यात वरचा मजला. समुद्राच्या बाजूला एक लांबलचक खिडकी आहे, तिच्या फटींत थंडी सुरू झाली की वर्तमानपत्राचे बोळे कोंबावे लागतात. माणसं तीन. साहेब, ताई आणि मी. ताई माझ्याहून फार मोठी नाही, पण तिला सगळेच ताई म्हणतात, खालचे हमालसुद्धा. पाववाला मात्र तिला 'कदाचितबाई' म्हणतो. त्यानं एकदा विचारलं होतं, "उद्या पाऊस आहे का हो?" ती म्हणाली, "कदाचित." "आणि परवा?" "परवाही कदाचित." तेव्हापासून ते नाव पडलं. मला ही दोघं ससोबा म्हणतात, कारण पान पडलं तरी मी इशारा देऊन मोकळा होतो. नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझा एक अंदाज सपशेल आपटला होता. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, त्यातला मी.

समोर समुद्र आणि त्यापलीकडे बेट. दोन तासांचं पाणी. मधे धावणारी प्रवासी बोट एकच, सकाळी बेटावरून सुटणारी, आणि हंगाम संपला की तीही एक दिवसाआड. संध्याकाळी आम्ही जो अंदाज काढतो त्यात वाऱ्याचा इशारा असला, की दुसऱ्या दिवशीची बोट रद्द. बोटीचा कप्तान आकाशाकडे बघत नाही, आमच्या कागदाकडे बघतो. म्हणून ऑफिसात आणखी एक नियम आहे, आणि त्याच्यात गंमत नाही. ज्याचं माणूस पाण्यावर जाणार असेल, त्यानं खुर्ची सोडायची. अंदाज दुसऱ्यानं लिहायचा. मग दुसऱ्याला सुट्टीवरून बोलवावं लागलं तरी चालेल.

ताईचे वडील बेटावर राहायचे. रोज अंदाज गेला की त्यांचा फोन यायचा. आप्पांना ऐकायला कमी, म्हणून ते ओरडून बोलायचे, आणि ते ओरडायचे म्हणून ताई फोन स्पीकरवर टाकून टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवायची.

"काय गं, उद्याचं काय?"

"साठ टक्के पाऊस, आप्पा."

"म्हणजे छत्री न्यायची का नाही?"

"साठ टक्के न्या."

"अगं, मी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. गिऱ्हाइकाला 'कदाचित दहा वाजलेत' असं सांगितलं असतं, तर तुमचं शिक्षण झालं असतं का?"

आम्ही हसायचो. साहेब तर त्या फोनसाठी थांबायचे. म्हाताऱ्याचा आवाज खणखणीत होता, त्यामुळे त्यांना काही झालं असेल असं कधी मनातही आलं नाही. त्यांच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. वर्षभर ते बेटावरच्या छोट्या हॉस्पिटलात आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जात होते. ताईनं एका शब्दानं सांगितलं नव्हतं. घरातलं दुखणं ऑफिसात आणायचं नाही, असा तिचा बाणा. पुढचंही बरंचसं तिनं मला नंतर सांगितलं, एकदाच, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

पानगळीचे शेवटचे दिवस होते. सकाळी गारठा, दुपारी ऊन, संध्याकाळी अंगाला झोंबणारा पाऊस, आणि दुसऱ्या दिवशी हे सगळं उलट्या क्रमानं. अशा आठवड्यात आमचा धंदा म्हणजे नुसतं तळ्यात-मळ्यात. लोकांना वाटतं आम्ही यंत्रांना विचारतो आणि यंत्रं सांगतात. यंत्रं सांगतात हे खरं, पण दोन यंत्रं दोन गोष्टी सांगतात. आमच्याकडे अंदाजाची दोन मॉडेलं येतात, त्यांना आम्ही थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ म्हणतो. एकीनं हो म्हटलं की दुसरी नाही म्हणणार, आणि दोघींचा राग आमच्यावर.

सोमवारी बेटावरच्या हॉस्पिटलातलं डायलिसिसचं यंत्र बंद पडलं. एकच यंत्र, आणि त्याचा सुटा भाग मिळणार तो आमच्या किनाऱ्यावरून, म्हणजे तोही बोटीनंच जाणार. आप्पांची सोमवारची खेप हुकली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ताईच्या भावाला स्वच्छ सांगितलं, की एक खेप हुकली तर रेटून नेता येतं, दुसरी हुकली तर रक्तात नको ते साठत जातं आणि हृदय दगा देतं. बुधवारच्या बोटीनं यांना पलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात न्या. हेलिकॉप्टर वगैरे सिनेमात असतं. आमच्याकडे बोट आहे.

भावाला घरात छोटू म्हणतात. चाळिशी उलटली, पोट सुटलं, पण छोटूच. बायको-मुलांसकट तो आप्पांजवळ राहायचा आणि डायलिसिसला न्यायचं-आणायचं तोच करायचा. त्यानं सोमवारी रात्रीच पिशवी भरून ठेवली. "ताई, बुधवारी सकाळी निघतोय. तू धक्क्यावर ये."

आणि बुधवारचा अंदाज मंगळवारी लिहायचा होता. लिहिणार होती ताई.

मंगळवारी साहेबांनी दाढ काढून घेतली होती, गाल धरून घरी पडले होते. माझी सुट्टी होती. ऑफिसात ती एकटी. पश्चिमेकडून कमी दाबाचा पट्टा येत होता आणि त्याच्यामागे जबरदस्त वारा, याबद्दल दोन्ही जावांचं दुमत नव्हतं. भांडण होतं ते फक्त वेळेचं. थोरली म्हणत होती, वारा पहाटेच पाण्यावर उतरेल. धाकटी म्हणत होती, दुपार उलटल्यावर. एकदा सुरू झाला की शनिवारपर्यंत हलणार नाही, हे दोघींनाही मान्य. म्हणजे आप्पांसाठी बुधवारची सकाळ तेवढी होती. ती गेली की मग काही नव्हतं.

अशा वेळी नियम काय सांगतो ते तिला पाठ होतं. खुर्ची सोडायची, मला घरून बोलवायचं. तिनं फोन हातात घेतलाही. मग तिच्या मनात आलं, हा ससोबा. हा आला की डोळे झाकून इशारा लिहिणार. नियम पाळला तर आप्पांची बोट गेलीच म्हणून समजा. तिनं फोन खाली ठेवला आणि खुर्चीतच बसून राहिली. मी स्वतः लिहीन, आणि प्रामाणिकपणे लिहीन, असं तिनं स्वतःला सांगितलं.

तिनं सगळे नकाशे पुन्हा काढले. आम्ही एकाच मॉडेलला थोडथोडा धक्का देऊन पुन्हा पुन्हा चालवतो, म्हणजे त्याची खात्री किती तेही कळतं. सगळ्या रेघा एकत्र चालल्या तर खात्री बरी, आणि गुंता झाला तर देवाचं नाव घ्यायचं. त्या दिवशी मांजरानं लोकरीचा गुंडा विसकटावा तसा पडदा दिसत होता. तरी तिचा कौल पडला तो धाकटीच्या बाजूनं. तिनं लिहिलं, 'बुधवारी दुपारनंतर वारा जोर धरेल. सकाळी समुद्र मध्यम.' म्हणजे सकाळची बोट मोकळी.

लिहिलेलं तिनं वाचून बघितलं. मग तिनं स्वतःला एक प्रश्न विचारला, आणि तो विचारायला नको होता असं मला आजही वाटतं. आप्पा त्या बोटीत बसणार नसते, तर मी हेच लिहिलं असतं का?

उत्तर येईना. जितका विचार करावा तितकं येईना. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. तिला वाटायला लागलं, आपल्याला धाकटीचं पटतंय ते पटावं असं वाटतंय म्हणून. बोटीत आप्पांखेरीज आणखी माणसं असणार, बाजाराला येणाऱ्या बाया असणार, कुणाकुणाची पोरं असणार. वारा पहाटे आला तर? माझ्या बापासाठी मी परक्यांची पोरं पाण्यात घातली असं होईल. बापाच्या मायेनं एक पारडं खाली गेलं असेल या भीतीनं तिनं दुसऱ्या पारड्यात वजन टाकलं. किती टाकावं हे तिला सांगणारं कुणी नव्हतं. तिनं 'दुपारनंतर' खोडलं, 'पहाटेपासून' लिहिलं आणि इशारा देऊन टाकला. आमच्यासारखीच माणसं अशी चूक करू शकतात. लबाड माणसानं बापाला बोटीत बसवलं असतं, आणि साध्या माणसानंही.

अंदाज गेला. फोन आप्पांचा आला नाही, छोटूचा आला.

"ताई, बोट रद्द झाली म्हणतायत."

"हो."

"कुणी लिहिलंय?"

"मी."

"तुला आप्पांचं माहीत होतं ना?"

"माहीत होतं म्हणूनच, छोटू."

त्याला ते कळलं नाही. कुणाला कळेल? तो म्हणाला, "बरं. आता काय करू ते सांग." ती म्हणाली, डॉक्टरीणबाईंना सांग, औषधांवर जमेल तितकं धरा. मग ती घरी गेली. झोपली नाही.

बुधवारी सकाळी मी ऑफिसला निघालो तर बाहेर काय सुंदर हवा. गारठा होता, पण आकाश धुतल्यासारखं, आणि समुद्र परातीतल्या पाण्यासारखा. बंदरावरच्या निशाणाचं फडकं काठीला चिकटून लोंबत होतं. पाववाल्यानं हाक मारली, "काय हो, कुठंय तुमचं वादळ? कदाचितबाईंना सांगा, रस्ता चुकलं असेल!" मीही हसलो. पायऱ्या चढताना तर मला आनंदच होत होता. कधी नव्हे ते दुसऱ्याचा इशारा फुकट गेला होता.

ताई खिडकीपाशी उभी होती. कोट अंगावरच. मी म्हटलं, "काय ताई, ससोबा मी आणि घाबरलीस तू? मी असतो ना, तर सकाळची बोट सोडली असती."

तिनं मान वळवली. "खरंच?"

"अगं खरंच. काल घरून नकाशे बघितले मी. थोरली पानगळीत नेहमी घाई करते. पट्टा अजून लांब आहे, वारा इतक्या लवकर खाली उतरतोय कशाला? मी 'दुपारनंतर' लिहून मोकळा झालो असतो." आणि मी नकाशावर बोट ठेवून तिला ते समजावूनही दिलं. शिकवायची मला हौस. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"मी तुला काल फोन करणार होते," ती म्हणाली.

"मग का नाही केलास?"

"तू इशारा देशील म्हणून."

मला त्यात गंमत वाटली. मी काहीतरी टोमणा मारणार होतो, तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. तिनं सवयीनं स्पीकरचं बटण दाबलं.

"ताई," छोटू म्हणाला, "मी धक्क्यावर उभा आहे. इथं पान हलत नाहीये."

तिनं खिडकीतून खालच्या निशाणाकडे बघितलं.

"ऐकतेस ना? समुद्र नुसता सपाट आहे. लोक येऊन बघून जातायत, हसतायत. आप्पांच्या पायाला सूज आलीय. रात्री दोनदा छातीत धडधडलं त्यांच्या. डॉक्टरीणबाई म्हणतात, आज पोचले पाहिजेत. आज, ताई."

मला तेव्हा कळलं. सगळं एकदम कळलं, आणि दोन मिनिटांपूर्वी मी नकाशावर बोट ठेवून काय काय बडबडलो होतो तेही आठवलं. माणसाची जीभ तोडून टाकावी असे प्रसंग असतात. मी सरळ उठलो आणि बोटीच्या कप्तानाला दुसऱ्या फोनवरून फोन लावला.

"इशारा मागे घेतो. आत्ताच्या आत्ता बोट सोडा."

"कशी सोडू?" कप्तान म्हणाला. "आज बोट नाही म्हणून मी इंजिन उघडायला लावलंय. सकाळपासून सगळं खोलून ठेवलंय पोरांनी."

"जुळायला किती वेळ लागेल?"

"दुपार होईल. आणि तुमच्याच कागदावर उघडलंय बरं का, माझ्या मनानं नाही."

दुपारी तर वारा येणार होता. आता दोन्ही जावा तेच सांगत होत्या.

तेवढ्यात साहेब आले. गाल सुजलेला, तोंडात कापूस. मी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी ताईकडे बघितलं, मग खुर्चीकडे. ती म्हणाली, "उठते मी, साहेब. कालच उठायला हवं होतं." साहेबांना धड बोलता येत नव्हतं. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला बसवलं आणि स्वतः तिच्याशेजारी स्टूल ओढून बसले. आता छोटूचा पुढचा फोन आणि प्रश्न तिलाच येणार होता हे त्यांना कळत होतं.

तो आलाच. छोटू धापा टाकत होता.

"ताई, एक मच्छीमार तयार झालाय. लहान होडी आहे त्याची, पण म्हणतोय, नेतो. गोधडीत गुंडाळून झोपवू आप्पांना. साडेतीन-चार तासांत पोचू. निघू का? तू सांग."

मी घड्याळाकडे बघितलं, ताईनं नकाशाकडे. लहान होडी, चार तास, आणि वारा दुपारी. बोटीचे दोन तास वाऱ्याच्या अलीकडे बसले असते. होडीचे चार बसत नव्हते. याला शिक्षण लागत नाही, शाळेतल्या पोरालाही कळेल.

"तुमचा वारा कधी येणार?" छोटूनं विचारलं.

"दीडच्या सुमाराला. कदाचित थोडा आधी."

"कदाचित काय, ताई! हो का नाही एवढं सांग. निघू का नको?"

तिनं डोळे मिटले. "नको, छोटू. अर्ध्या वाटेत सापडाल."

"काल पण हेच म्हणालीस."

"हो."

"काल चुकलीस."

"हो, चुकले."

"मग आज कशावरून बरोबर?"

या प्रश्नाला आमच्या धंद्यात उत्तर नाही. साठ टक्क्यांचं साठ टक्केच असतं, काल चुकलं म्हणून आज त्याचं काही वाढत नाही की कमी होत नाही. हे आम्ही नवीन आलेल्यांना शिकवतो. भावाला कसं शिकवणार? ती एवढंच म्हणाली, "छोटू, तुझी पोरं लहान आहेत. मी दोघांनाही पाण्यात पाठवणार नाही. माझं ऐक."

पलीकडे तो रडायला लागला. "थोरली आहेस म्हणून ऐकतो," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

मग आम्ही वाट बघत बसलो. तिघंही खिडकीकडे तोंड करून. कामं होती, पण कुणी हात लावला नाही. समुद्र तसाच होता, निळा, निवांत, नाकावर टिच्चून शांत. अकरा वाजले, बारा वाजले. खाली पाववाला कुणाशी तरी मोठ्यानं हसत होता. बारानंतर एकेक मिनिट असं होतं की वाटत होतं, होडी निघाली असती तर आत्तापर्यंत निम्म्यावर आली असती. आणखी थोडा वेळ वारा आला नाही, तर पोचली असती. साहेब गाल दाबून बसले होते, पण त्यांना दुखत होतं ते दाढेचं नव्हतं.

ताई काचेला कपाळ टेकून उभी होती. एकाएकी ती दबक्या आवाजात म्हणाली, "आता तरी ये."

आपण काय बोललो हे तिच्या लक्षात आलं. तिनं तोंडावर हात दाबला आणि माझ्याकडे बघितलं. मीही मनात तेच म्हणत होतो. वारा आलाच नाही, तर या बाईनं बापाला दोनदा अडवलं असं होणार होतं. म्हणून आम्ही, शहाणीसुरती तीन माणसं, त्या बेटावरचा उरलासुरला रस्ता बंद व्हावा म्हणून देवाला हात जोडत होतो.

एक वाजून गेला आणि निशाणाचं फडकं हललं. पश्चिमेकडे पाण्यावर एक काळी रेघ उमटली आणि पुढे सरकत आली. मग खिडकी थाडथाड हादरायला लागली, फटींतला एक बोळा उडून टेबलावर पडला, आणि बघता बघता समोरचा समुद्र पांढरा झाला. त्यात होडी असती तर तिचं काय झालं असतं हे सांगायला अंदाज लागत नव्हता. ताईचा अंदाज बरोबर आला होता. मिनिटांचा फरक म्हणावा इतका बरोबर. आमच्यापैकी कुणीही तिच्याकडे बघितलं नाही.

कालचा कागद टेबलावरच होता. त्यात 'पहाटेपासून'च्या खाली खोडलेलं 'दुपारनंतर' अजून वाचता येत होतं. साहेबांनी तो उचलला आणि घडी घालून खिशात टाकला.

तिसऱ्या प्रहरापासून पावसात बर्फ मिसळून पडायला लागला. छोटूचा फोन आला तेव्हा अंधारून आलं होतं. आवाजात राग राहिला नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं.

"इंजेक्शनं दिलीयत," तो म्हणाला. "हृदयाचे ठोके मधेच चुकतायत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जवळच्यांना बोलवून घ्या. मी म्हटलं, जवळची पलीकडे आहे." मग म्हणाला, "ताई, तू म्हणालीस ते बरोबर होतं. होडीवाला आला होता, माझे हात धरून गेला."

"आप्पा जागे आहेत?"

"आहेत. तुझाच फोन लाव म्हणतायत. रोजची वेळ झाली म्हणतायत. धर, कानाला लावतो."

काही खरखर झाली. मग आप्पांचा आवाज आला. ओरडून बोलणारा माणूस तो, आज स्पीकरवरही कान द्यावा लागत होता.

"काय गं, उद्याचं काय?"

ताईच्या समोर पडद्यावर उद्याचा नकाशा उघडा होता. काचेवर बर्फाचा चिखल आपटत होता. तिनं नकाशाकडे बघितलं नाही.

"ऊन आहे, आप्पा."

"किती टक्के?"

"टक्के नाहीत, आप्पा. ऊन आहे. नक्की."

पलीकडे म्हातारा हसला असावा, किंवा त्याला खोकला आला असावा. "बघ, शिकलीस शेवटी," तो म्हणाला. "म्हणजे छत्री नको."

"नको, आप्पा. छत्री नको."

"बोट असेल मग उद्या."

"असेल. मी धक्क्यावर येते."

"ये. गळ्याला काहीतरी गुंडाळून ये, सकाळचं गार असतं," आप्पा म्हणाले, आणि मग छोटूचा आवाज आला की त्यांना धाप लागलीय, ठेवतो.

ताई टेबलाला हात टेकून उठायला लागली, आणि माझ्या लक्षात आलं की ती गॅसकडे निघालीय. नियम तो नियम. पण तिच्याआधी साहेब उठले. त्यांनी तिला परत बसवलं, भांडं घेतलं, पाणी मोजलं आणि तिघांचा चहा ठेवला. त्यांना स्वतःला सुजलेल्या तोंडानं तो पिता येणार नव्हता.

चहा झाल्यावर ती खुर्चीतून उठली आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. "तू लिही," ती म्हणाली. कोट अंगावर होताच. ती खिडकीपाशी जाऊन बेटाच्या दिशेनं उभी राहिली. तिथं काहीही दिसत नव्हतं.

मी बसलो आणि उद्याचा अंदाज लिहिला. वारा कायम, बर्फमिश्रित पाऊस कायम, बोट नाही. लिहायला काही वेळ लागला नाही. त्या आठवड्यात पहिल्यांदाच दोन्ही जावांचं शब्दान् शब्द एकमत होतं.